विश्लेषण : माणसाचा फ्लू मांजराला होतो का? वऱ्हाडातील मांजरपालकांनी कशाची काळजी घ्यावी?

पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चदरम्यान सर्दी-तापाची साथ येते. अमरावती असो की अकोला, घरात एकाला ताप आला की दोन-तीन दिवसांत तो इतरांनाही गाठतो. घरात मांजर असेल तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. उशाशी येऊन झोपणाऱ्या मांजरालाही आपला फ्लू होईल का? होऊ शकतो, पण तसे क्वचितच घडते. त्याहून मोठे दोन धोके मात्र चांगल्या हेतूनेच ओढवले जातात. एक म्हणजे मांजराला दिलेली माणसाची तापाची गोळी आणि दुसरा म्हणजे कोंबडीचे कच्चे मांस. यातला दुसरा धोका किती जवळ येऊ शकतो, हे विदर्भाने २०२४ च्या अखेरीस पाहिले.

माणसाकडून मांजराला फ्लू झाल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा, म्हणजे एच१एन१ विषाणूचा, देशातील पहिला बळी पुण्यात गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात १३ वर्षांच्या एका पाळीव मांजराला हाच फ्लू झाल्याचे निष्पन्न झाले. घरातील माणसे आधी आजारी पडली होती. ते मांजर बरे झाले. त्याच सुमारास ऑरेगन राज्यातील एका मांजराचा मात्र न्यूमोनियाने मृत्यू झाला. त्याची मालकीणही आधी गंभीर आजारी होती. एच१एन१ आता दरवर्षीच्या हंगामी फ्लूचाच एक भाग आहे. त्यामुळे हा धोका २००९ सोबत संपलेला नाही.

संसर्ग कसा होतो?

फ्लूचा विषाणू शिंक-खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांतून आणि हातांवाटे पसरतो. मांजराच्या श्वसनमार्गातील पेशींना तो चिकटू शकतो. म्हणूनच काही देशांत निरोगी दिसणाऱ्या पाळीव मांजरांच्या रक्तातही फ्लूविरोधी प्रतिपिंडे आढळली आहेत. म्हणजेच अनेक मांजरांना संसर्ग होऊन गेला तरी लक्षणे दिसत नाहीत. म्हातारी मांजरे, लहान पिल्ले आणि आधीच आजारी असलेली मांजरे यांच्याबाबत मात्र अधिक जपावे लागते. माणूस लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे साधारण पाच ते सात दिवस संसर्ग पसरवू शकतो. काळजी घ्यायची ती याच दिवसांत.

मांजर शिंकतेय म्हणजे फ्लूच का?

बहुतेकदा नाही. मांजरांची सर्दी बहुधा त्यांच्या स्वतःच्या विषाणूंमुळे होते. हर्पिस आणि कॅलिसी हे त्यातले दोन प्रमुख विषाणू. ते एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातात, माणसाला त्यांची बाधा होत नाही. पशुवैद्यक देतात ती मांजरांची नेहमीची ‘थ्री-इन-वन’ लस या दोन्हींपासून संरक्षण देते, पण माणसाच्या फ्लूपासून नाही. त्यामुळे घरातल्या माणसांनी स्वतः फ्लूची लस घेणे, हे मांजरासाठीही संरक्षण ठरते.

मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, धाप लागत असेल किंवा दिवसभर काहीच खात नसेल, तर थांबू नये. मांजर फार काळ उपाशी राहिले तर त्याच्या यकृतावर परिणाम होतो.

तापाची गोळी का द्यायची नाही?

मांजर मलूल दिसले की घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून देण्याचा मोह होतो. लहान मुलाला चालते, मग मांजराला का नाही, असे वाटते. पण माणसाचे यकृत ज्या प्रक्रियेने पॅरासिटामॉल निष्प्रभ करते, ती प्रक्रिया मांजराच्या शरीरात अत्यंत क्षीण असते. औषधाचे विषारी घटक साचतात, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि यकृताला इजा होते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडणे, चेहरा आणि पंजे सुजणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

क्रोसिन, डोलो ही पॅरासिटामॉलचीच नावे आहेत. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्या आणि सिरपमध्येही ते असते. आयबुप्रोफेनही मांजरासाठी घातक आहे. चुकून गोळी पोटात गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता गोळीच्या पाकिटासह लगेच पशुवैद्यकाकडे जावे. यावर उतारा आहे, पण त्याचा उपयोग वेळेत पोहोचलात तरच.

गोरेवाडा आणि छिंदवाड्यात काय घडले?

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एका बिबट्याचा मृत्यू झाला. त्यांना एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू झाल्याचे भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेतील तपासणीत जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला स्पष्ट झाले. त्याच महिन्यात मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांमध्ये हाच विषाणू सापडला. तेथील चिकनची दुकाने काही काळ बंद ठेवण्यात आली. अमरावती जिल्ह्यातील वरूडहून पांढुर्णा ओलांडले की पुढे छिंदवाडाच लागते.

वाघ आणि मांजर एकाच कुळातले. हंगामी फ्लू मांजराला सहसा सौम्य होतो, पण एच५एन१ झालेली मांजरे अनेकदा दगावतात. बाधित पक्ष्याचे कच्चे मांस खाणे किंवा मेलेला पक्षी तोंडात धरणे, हे संसर्गाचे प्रमुख मार्ग आहेत. अमेरिकेत २०२४ मध्ये बाधित गायींचे कच्चे दूध प्यायलेली गोठ्यांतील मांजरेही मेली. उपाय साधा आहे. चिकन किमान ७० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत आतून नीट शिजवले की विषाणू मरतो. मांजराला दुकानातील कच्चे तुकडे, आतडी, पाय देण्याऐवजी उकडून द्यावेत. दूधही उकळलेलेच द्यावे.

घरात फ्लूचा रुग्ण असेल तर काय करावे?

फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट राज्यात सुरुवातीला अमरावती, अकोल्यातच जाणवली होती. तेव्हा अंगवळणी पडलेले नियम इथेही उपयोगी आहेत.

• रुग्णाने आठवडाभर मांजराला कुशीत घेणे, मुके घेणे, त्याच्यासोबत झोपणे टाळावे.
• खाणेपिणे आणि माती बदलण्याचे काम घरातील निरोगी व्यक्तीने करावे.
• घरात एकटेच असाल तर मास्क लावून, साबणाने हात धुऊन मगच मांजराची कामे करावीत.
• रुग्णाच्या ताटातले उष्टे मांजराला देऊ नये. वापरलेले रुमाल आणि टिश्यू त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत.
• मांजराच्या तोंडाला मास्क बांधू नये. त्याच्या अंगाला सॅनिटायझर, फिनाइल लावू नये. मांजर अंग चाटते, त्यामुळे ही रसायने थेट पोटात जातात.
• गच्चीवर किंवा अंगणात मेलेला कावळा, कबुतर दिसल्यास मांजराला आत ठेवावे आणि पक्ष्याला उघड्या हातांनी शिवू नये.

उपचारासाठी कुठे जावे?

अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. अमरावतीत शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांसोबत खासगी पशुवैद्यकही आहेत. पशुसंवर्धन विभागाची १९६२ ही मदतवाहिनीही उपलब्ध आहे. पशुवैद्यकाकडे गेल्यावर दोन गोष्टी न विचारताही सांगाव्यात : घरात कोणाला ताप होता का आणि मांजराने कच्चे मांस किंवा मेलेला पक्षी खाल्ला का. संशयाची दिशा या दोन उत्तरांवरून ठरते.

साथीच्या बातम्या आल्या की मांजरे घराबाहेर सोडून देण्याचा विचार काही जण करतात. तसे करणे उलट धोक्याचे आहे. घरात शिजवलेले खाणारे मांजर बाहेर गेले की उकिरड्यावर आणि मेलेल्या पक्ष्यांवर जगू लागते. आठवडाभर थोडे अंतर, शिजवलेले अन्न आणि माणसांची औषधे कपाटात बंद, एवढे पाळले तरी मांजर बऱ्याच अंशी सुरक्षित राहते.