शकुंतलेच्या वाटेवर सायकल
यवतमाळ–मूर्तिजापूर धावणारी अडीच फुटी रुळांची ‘शकुंतला’ ही आगगाडी बंद पडून वर्षे झाली. कापसासाठी इंग्रज कंपनीने टाकलेला हा मार्ग दारव्हा, कारंजा करत कपाशी-तुरीच्या शेतांतून जातो. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून वाट शक्य तितकी सपाट. मोटारींचा त्रास नाही. सायकल-पर्यटनाला आयती जागा! इंग्लंडात ब्रिस्टल–बाथ ही जुनी रेल्वेवाट १९७९ ते १९८६ दरम्यान अशीच सायकलींसाठी तयार झाली. शकुंतलेचा मार्ग ब्रॉडगेज करण्याची मागणी रास्त आहे, तिला आडकाठी नको. पण ते काम होईपर्यंत जागा बाभळींना का आंदण द्यायची? रुळांना हात न लावता कडेने मुरूम टाकता येईल. वैदर्भीय उन्हाळ्यात कोण फिरणार, हा आक्षेप खराच. मग हंगाम दिवाळी ते होळी ठेवा. रेल्वे आणि जिल्हा प्रशासनाने निदान यवतमाळ–दारव्हा टप्पा आखावा.