लाथ शिकवणारा शिक्षक : झून री



आमच्या भिलाईत संध्याकाळी सेक्टरमधल्या मैदानावर पांढऱ्या पोशाखातली मुलं तायक्वांदो शिकताना दिसतात. परवा तिथे बसलेल्या एका काकूंनी मला विचारलं, "अगं, हे शिकून पोरं मारामारी तर करणार नाहीत ना? आणि लागलं-बिगलं तर?" दोन्ही प्रश्न अगदी आईचे. त्यांची उत्तरं मला एका कोरियन मास्टरांच्या आयुष्यात सापडली. त्यांचं नाव झून री.

१९३२ साली कोरियातल्या आसान इथे त्यांचा जन्म झाला. तेव्हा कोरियावर जपानची सत्ता होती. लहानखुऱ्या अंगाच्या झूनला इतर मुलं त्रास देत. तेराव्या वर्षी त्याने घरी न सांगता युद्धकलेचा वर्ग सुरू केला. 'तायक्वांदो' हे नाव नंतरचं, १९५५ मधलं. ताय म्हणजे पाय, क्वान म्हणजे मूठ आणि दो म्हणजे मार्ग.

पुढे ते अमेरिकेत टेक्ससला गेले, इंजिनिअरिंग शिकू लागले. पण मन रमलं शिकवण्यात. १९६२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला स्वतःचा वर्ग काढला. तायक्वांदो हा शब्द तिथे फारसा कुणाला माहीत नव्हता, म्हणून सुरुवातीला लोकांना 'कराटे' असंच सांगावं लागे.

१९६५ मध्ये जेम्स क्लीव्हलँड या खासदारांना चोरट्यांनी लुटलं. ही बातमी वाचून री यांनी थेट त्यांना फोन केला, "मी तुम्हाला शिकवतो." त्यातून अमेरिकी संसदेच्या आवारात वर्ग सुरू झाला आणि अनेक वर्षं चालला. शेकडो खासदार तिथे शिकून गेले.

मोठे झाल्यावरही त्यांनी शिकणं सोडलं नाही. ब्रूस लीला त्यांनी लाथांचे प्रकार शिकवले आणि त्याच्याकडून विजेसारखा ठोसा शिकून घेतला. पुढे तोच ठोसा त्यांनी महंमद अलींना शिकवला!

आता काकूंचा दुसरा प्रश्न. त्या काळी स्पर्धांमध्ये खेळाडूंना गंभीर दुखापती होत. री यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हातापायांसाठी फोमची संरक्षक साधनं तयार केली. आज मुलं सरावाला जे गार्ड घालतात, त्यामागे ही काळजी आहे.

आणि पहिला प्रश्न? री यांच्या मते ताकद योग्य कारणासाठीच वापरायची. शाळेतला अभ्यास आणि वागणूक यांनाही ते लाथेइतकंच महत्त्व देत. आपल्या तालमीतला चांगला वस्तादही डाव शिकवण्याआधी मातीला नमस्कार करायला शिकवतो, तसंच हे.

२०१८ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी री गेले.

तेव्हा आई-बाबांनो, मुलांना वर्गात घालण्याआधी एक दिवस कडेला बसून नुसतं बघा. सर गार्ड घालायला लावतात का? चुकणाऱ्या, घाबरणाऱ्या मुलाशी कसं बोलतात? काळा पट्टा किती महिन्यांत मिळेल, हे नंतर विचारा. त्या काकूंनाही मी हेच सांगितलं. त्यांची लेक आता आठवड्यातून तीन दिवस मैदानावर जाते.

पुन्हा भेटूच!