कवळी उकळू नका!



हुरड्याचे दिवस आले, की मला आमच्या आत्याबाईंची आठवण होते. त्या वर्षी शेतात आगटी पेटली होती, लसणाची चटणी होती, गूळ होता. पोरंसोरं हातावर गरम हुरडा चोळत होती. अन् हुरड्याच्या शौकीन आत्याबाई बांधावर नुसत्याच बसलेल्या. मी मूठभर हुरडा पुढं केला, तर म्हणाल्या, "नको रे बाबा. आता वय झालं. तोंडाची चवच गेली."

चव गेली नव्हती, मंडळी. कवळी कोनाड्यातल्या डब्यात जाऊन बसली होती.

खोदून विचारलं तेव्हा कळलं. सूनबाई कामसू अन् स्वच्छतेची. बाळाची दुधाची बाटली उकळते, तशी एक दिवस तिनं सासूबाईंची कवळीही उकळत्या पाण्यात टाकली. मनात सेवाच होती. पण त्या दिवसापासून कवळी नीट बसेना, हिरडीला घासू लागली. आत्याबाई गप्प राहिल्या. बोललं तर सुनेला वाईट वाटेल, अन् नवी करायची तर लेकाला खर्च पडेल. आठ महिने माउलीनं पेजेवर अन् दुधात कुस्करलेल्या भाकरीवर काढले. इकडे सुनेला वाटायचं, माझ्या हातचं यांना गोड लागत नाही!

हे घर तुमचंही असू शकेल. म्हणून आज कवळीच्या निगेबद्दल चार गोष्टी सांगतो.

कवळी बहुतेक करून ॲक्रिलिकची, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकची असते. कढत पाण्यानं ती वाकडी होते. वाकडेपणा डोळ्यांना दिसत नाही, पण हिरडीला बरोबर कळतो. तेव्हा पाणी गार किंवा कोमट, एवढंच. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवायलाही ठेवू नका.

दुसरी गोष्ट. कवळी खाताना मोडते, तशी धुताना हातातून सुटूनही मोडते. साबणानं ती बुळबुळीत होते, खाली फरशी नाहीतर दगड. म्हणून धुताना खाली घमेल्यात अर्धं पाणी ठेवा किंवा जाड फडक्याची घडी पसरा. सुटली तरी मोडणार नाही.

घासायला मऊ दाताचा वेगळा ब्रश ठेवा. हात धुण्याचा साधा साबण थोडासा लावा, आतून-बाहेरून हलक्या हातानं घासा अन् भरपूर पाण्यानं खळबळून धुवा. राखुंडी, मशेरी, मीठ, विटेचा चुरा यांचं काम नाही. दात घासायच्या पेस्टनंही बारीक ओरखडे पडतात, अन् त्या ओरखड्यांत चहा-तंबाखूचे डाग अन् जंतू घर करतात. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर तर लांबच ठेवा. तिनं रंग उडतो अन् तारेचे आकडे गंजतात. औषधाच्या दुकानात कवळी भिजवायच्या गोळ्या मिळतात. त्या वापरल्यात तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणं वापरा. गोळी पाण्यात टाकायची, तोंडात नाही. भिजवून झाल्यावर कवळी स्वच्छ धुवूनच घाला.

जेवल्यावर प्रत्येक वेळी कवळी काढून धुवा अन् चूळ भरा. हुरड्याचा एक दाणा जरी खाली शिरला, तरी चपलेत खडा गेल्यासारखा टोचतो.

रात्री झोपताना कवळी काढायची, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. दिवसभर औताला जुंपलेला बैल रात्री सोडतोच ना आपण? हिरड्यांनाही तशी विश्रांती लागते. रात्रंदिवस कवळी घालून ठेवली, तर खालची कातडी लाल होते, बुरशी धरते. छोटी, दोन-तीन दातांची कवळी असेल तर झोपेत घशात जाण्याचंही भय असतं. काढलेली कवळी धुवून, झाकणाच्या भांड्यात साध्या पाण्यात बुडवून ठेवा. पाणी रोज बदला. कागदात किंवा पदरात गुंडाळून ठेवलेली कवळी केरात जाते, हे पुष्कळ घरांत झालेलं आहे. कवळी काढली, की हिरड्या, टाळू अन् जीभही ओल्या मऊ फडक्यानं पुसून घ्या.

नवी कवळी घातल्यावर पहिले काही दिवस मऊ अन् लहान घास घ्या, दोन्ही बाजूंनी चावा. पुढच्या दातांनी ऊस, पेरू, कणीस तोडू नका. पुढं जोर दिला, की मागून कवळी उचलते. विळीवर फोडी करून खा. आणि चहा जरा निववून प्या, कारण टाळू झाकलेला असल्यानं कढतपणा लवकर कळत नाही.

मोडलीच, तर झटपट चिकटवायच्या डिंकानं घरी जोडू नका, कानशीनं घासू नका. सगळे तुकडे गोळा करून दाताच्या डॉक्टरकडं न्या. ताजी मोड पुष्कळदा दुरुस्त होते. घरी चिकटवून वेडीवाकडी केलेली कवळी मात्र वाया जाते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दात गेल्यावर जबड्याचं हाड हळूहळू झिजतं. म्हणून चांगली बसलेली कवळीही काही वर्षांनी ढिली पडते. डॉक्टर आतून नवा थर देऊन ती पुन्हा बसवू शकतात. साधारण 5 ते 10 वर्षांनी बहुधा नवीच करावी लागते. वर्षातून एकदा तरी दाखवून या. मुंबई, नागपूर अन् छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी दंत महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. टोचत असेल, तर जाण्याच्या आदल्या दिवशी अन् त्या दिवशी थोडा वेळ कवळी घालून जा, म्हणजे कुठं घासते ते डॉक्टरांना दिसतं. आणि तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर कवळीवर ढकलून घरी बसू नका. तंबाखू, मशेरी लावणाऱ्यांनी तर मुळीच नाही. तो कर्करोगही असू शकतो, अन् लवकर कळला तर उपचार होतात.

बैलाचा खांदा सुजला, की आपण त्याच दिवशी औत थांबवतो, जू बदलतो, हळद-तेल लावतो. बैल बोलत नाही, तरी आपण ओळखतो. मग घरातलं म्हातारं माणूस भाकरी बाजूला सारून नुसतं कालवण पितं, बोलताना पदर तोंडाशी धरतं, लग्नाच्या पंगतीला यायचं टाळतं, ते आपल्याला का दिसू नये? "वय झालं" म्हणायच्या आधी एकदा विचारा, "आई, कवळी टोचते का गं?" आणि म्हाताऱ्या मंडळींनो, तुम्हीही लाजू नका. दुखतं ते सांगा. उपाशी राहून लेकाचा पैसा वाचत नाही, अशक्तपणा येऊन दवाखान्याचा खर्च मात्र वाढतो.

आत्याबाईंची वाकडी झालेली कवळी सरळ झाली नाही, नवीच करावी लागली. लेकानं दोन शेळ्या विकल्या. सूनबाई रडली, तेव्हा आत्याबाईंनीच तिची समजूत घातली. आता रोज रात्री कवळी सूनबाईच धुते, घमेल्यात पाणी ठेवून, गार पाण्यानं. अन् गेल्या हुरड्याला आत्याबाईंनी बांधावरून हाक मारली, "अरे, चटणी इकडं सरकव की जरा!"

बरं मंडळी, येतो. आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तेवढं विचारायचं विसरू नका.