रस्ता सहापदरी झाला की कागलजवळ १२० ने गाडी चालवता येईल का?

पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या सातारा ते कागल टप्प्याचं सहापदरीकरण सुरू झालं, तेव्हापासून कोल्हापूर जिल्ह्यात एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: रस्ता एवढा मोठा होतोय, गाड्यांना एअरबॅग आणि एबीएस आलंय, मग कारसाठी वेगमर्यादा १०० वरच का? समृद्धीवर १२० चालतं, मग इथे का नाही?

प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर पदरांच्या संख्येत सापडत नाही. ते सापडतं त्या रस्त्यावर आणखी कोण कोण चालतं, यात. आणि हे समजून घ्यायला कागल पंचतारांकित एमआयडीसीजवळच्या महामार्गाइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

सध्याचा नियम काय सांगतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढून कमाल वेगमर्यादा वाढवल्या. त्यानुसार ताशी मर्यादा अशा आहेत:

- कार: एक्सप्रेसवेवर १२० किमी, दुभाजक असलेल्या चार किंवा जास्त पदरी रस्त्यावर १०० किमी, इतर रस्त्यांवर ७० किमी
- बस: अनुक्रमे १००, ९० आणि ६० किमी
- ट्रक, टेम्पो, कंटेनर: ८०, ८० आणि ६० किमी
- दुचाकी: चारपदरी रस्त्यावर ८०, इतर रस्त्यांवर ६० किमी

यात 'चार किंवा जास्त पदरी' हे शब्द नीट वाचा. चारपदरी रस्ता सहापदरी झाला तरी तो त्याच गटात राहतो. म्हणजे काम पूर्ण झालं, उद्घाटन झालं, तरी कारची मर्यादा आपोआप १२० होणार नाही. १२० फक्त एक्सप्रेसवेला आहे, म्हणजे ज्या रस्त्यावर ठरावीक ठिकाणांशिवाय कुणालाही चढता-उतरता येत नाही अशा रस्त्याला.

मर्यादा ठरवतं कोण?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार कमाल मर्यादा केंद्र सरकार ठरवतं. राज्य सरकार सार्वजनिक सुरक्षेसाठी एखाद्या रस्त्यावर त्यापेक्षा कमी मर्यादा लावू शकतं, जास्त नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे याचं ठळक उदाहरण. कायद्याने एक्सप्रेसवेला १२० ची मुभा असूनही तिथे सपाट भागात कारसाठी १०० आणि घाटात त्याहून बरीच कमी मर्यादा ठेवली आहे.

वाढीचा निर्णय वादातही सापडला. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका अपघातग्रस्ताच्या भरपाईच्या प्रकरणात २०१८ ची अधिसूचनाच रद्द ठरवली. वेग वाढला की अपघात वाढतात, मग मर्यादा वाढवायची कशाला, असा कोर्टाचा रोख होता. त्यानंतर काही आठवड्यांतच केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी एक्सप्रेसवेवर १४० ची मर्यादा असावी, असं जाहीरपणे म्हटलं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला तो कारसाठी १२० च्या मर्यादेनेच. म्हणजे सरकार आणि न्यायालय यांची दिशा एक नाही.

कागलचा रस्ता वेगळा का?

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत दोन तालुक्यांत पसरली आहे. कापड, फाउंड्री, इंजिनिअरिंगचे कारखाने इथे आहेत. कामगार येतात कागल, हुपरी, कोल्हापूर आणि सीमेपलीकडच्या निपाणीच्या बाजूने. त्यातले कितीतरी जण दुचाकीवर असतात.

आता लक्ष्मी टेकडीच्या आसपासचा महामार्ग डोळ्यांसमोर आणा. बेंगळुरूहून पुण्याकडे निघालेली कार आहे. कंटेनर आहे. एसटी आहे. पाळी सुटली की दुचाक्यांची रांग आहे. आणि गळीत हंगाम असेल तर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आहे, ज्याच्या मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. कागल तालुका साखर कारखान्यांचा आहे. त्यामुळे हिवाळ्यातले काही महिने हे दृश्य रोजचंच.

समृद्धीवर किंवा मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर यातली दुचाकी आणि ट्रॅक्टर दिसणार नाहीत. त्यांना तिथे बंदी आहे. कागलजवळ तेच तर रस्त्याचे रोजचे वापरकर्ते आहेत. पंचवीस-तीसच्या वेगाचा ट्रॅक्टर आणि १२० ची कार यांच्या वेगात ९० किमीचा फरक पडतो. रात्री मागून येणाऱ्या चालकाला तो ट्रॅक्टर चालतोय की उभा आहे, हे कळेपर्यंत वेळ गेलेली असते.

२० किमीने असा काय फरक पडतो?

साधा हिशोब करू. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद लागतो असं धरू. रस्ता कोरडा, टायर आणि ब्रेक चांगले.

- ताशी ८० किमी: गाडी थांबायला सुमारे ६९ मीटर
- ताशी १०० किमी: सुमारे ९७ मीटर
- ताशी १२० किमी: सुमारे १२९ मीटर

वेग २० टक्क्यांनी वाढला, पण थांबण्याचं अंतर साधारण ३३ टक्क्यांनी. कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

आता याच हिशोबाची दुसरी बाजू पाहा. ९७ मीटरवर ट्रॅक्टर आडवा आला. १०० ने येणारी कार त्याला टेकण्याआधी थांबते. त्याच जागी १२० ने येणारी कार अजून ७५ किमीपेक्षा जास्त वेगात असते. एकाला फक्त घाम फुटतो, दुसऱ्याचा थेट अपघात होतो. पावसाळ्यात किंवा झिजलेल्या टायरवर हे अंतर आणखी वाढतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा असा की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. सरासरी वेग फक्त ५ टक्क्यांनी वाढला तरी हा धोका २० टक्क्यांच्या आसपास जातो.

आणि वाचतो किती वेळ?

कागल ते कोल्हापूर अंतर साधारण २० किमी. सलग १०० ने गेलात तर १२ मिनिटं, सलग १२० ने गेलात तर १०. म्हणजे दोन मिनिटं. पुण्यापर्यंतचे सुमारे २५० किमी धरले तर कागदावर २५ मिनिटं वाचतात. पण मधले टोलनाके, खंबाटकी घाट, रस्त्याची कामं आणि चहाचा थांबा धरला तर त्यातलं थोडंच हाती लागतं.

उद्योगांना फायदा होईल, हा मुद्दाही तपासून पाहायला हवा. एमआयडीसीतला माल कारमधून जात नाही, ट्रक आणि कंटेनरमधून जातो. त्यांची मर्यादा एक्सप्रेसवेवरही ८० च आहे. कारची मर्यादा वाढवल्याने न्हावा शेवाला माल एक मिनिटही लवकर पोहोचत नाही. उलट कार आणि ट्रकच्या वेगातला फरक २० वरून ४० होतो.

वाढवण्याच्या बाजूने काही मुद्दा आहे की नाही?

आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रस्ता मोकळा, सरळ, दुभाजक असलेला आणि पाटी मात्र ६० किंवा ८० ची असेल, तर चालक ती पाळत नाहीत. काही जण पाळतात, बहुतेक जण नाही, आणि वेगातला फरक वाढतो. मग पाटी ही सुरक्षेची सूचना न राहता दंडाची पावती वाटू लागते. त्यामुळे मर्यादा रस्त्याला शोभणारी हवी, हे खरं. जर्मनीत ऑटोबानच्या बऱ्याच भागांत सक्तीची मर्यादा नाही, १३० चा फक्त सल्ला आहे. पण ऑटोबानवर ट्रॅक्टरसारखी संथ वाहनं चढत नाहीत.

दुसरीकडे फ्रान्सने २०१८ मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यांवरची मर्यादा ९० वरून ८० वर आणली. अमेरिकेत १९९५ नंतर राज्यांना मर्यादा वाढवायची मोकळीक मिळाली. तिथल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासानुसार वाढलेल्या मर्यादांमुळे २५ वर्षांत सुमारे ३७ हजार जादा मृत्यू झाले.

आपल्याकडे समृद्धीचा धडा ताजा आहे. रस्त्याची रचना १५० च्या वेगासाठी, मर्यादा १२० ची. तरी १ जुलै २०२३ ला बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. रस्ता उत्तम असला की प्रवास आपोआप सुरक्षित होतो, असं नाही.

मरतं कोण?

केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १५,२२४ महाराष्ट्रातली. देशातल्या एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या अपघातांत नोंदले गेले. आणि मृतांमध्ये सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते, १९ टक्क्यांहून जास्त पायी चालणारे.

म्हणजे एअरबॅगचा युक्तिवाद कारमधल्या माणसापुरता खरा आहे. पाळी संपवून घरी निघालेल्या दुचाकीवरच्या कामगाराला एअरबॅग नसते. वेग कार वाढवते, त्याची किंमत बहुतेकदा तो मोजतो.

मग करायचं काय?

मर्यादा वाढवायची असेल तर क्रम उलटा करावा लागेल. आधी रस्ता वेगळा करायचा, मग वेगाचं बोलायचं. कागलपुरतं बोलायचं तर चार गोष्टी:

१. सलग आणि दोन्ही बाजूंनी सेवा रस्ता. तो मध्येच तुटला की दुचाकी महामार्गावर येते किंवा उलट्या दिशेने चालते.

२. एमआयडीसीच्या वळणावर पाळीच्या गर्दीला पुरेल असा भुयारी मार्ग किंवा पूल. वळसा फार लांबचा असेल तर लोक दुभाजकातून वाट काढतातच, कितीही फलक लावा.

३. ऊस वाहतुकीच्या प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर आणि मागचे दिवे. ते नसतील तर गाडी कारखान्याच्या काट्यावर घेऊ नये. हंगामाच्या सुरुवातीला मोहीम काढून भागत नाही.

४. एका जागेचा नव्हे, सरासरी वेग मोजणारे कॅमेरे. एकाच कॅमेऱ्यापुढे ब्रेक मारून पुन्हा पळणाऱ्यांवर तोच उपाय चालतो.

हे सगळं झालं आणि संथ वाहतूक मुख्य मार्गावरून खरोखर बाजूला गेली, तर मर्यादेचा फेरविचार करायला हरकत नाही. तोपर्यंत १०० ही या रस्त्यासाठी कमी मर्यादा नाही. पाळी सुटण्याच्या वेळी एमआयडीसीच्या वळणाजवळ तर तीही जास्त आहे. तिथे ती कमी करण्याचा अधिकार राज्याकडे आजही आहे.