कोड, कोढ आणि ऑपरेशनची घाई

गेल्या महिन्यात निपाणीच्या एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आले. त्यांची परवानगी घेऊन, आणि ओळख पटणार नाही इतका तपशील बदलून, ते इथे घेतो आहे. त्यांचे थोरले बंधू नोकरीनिमित्त तिरोडीला स्थायिक झाले. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले, भंडाऱ्याच्या सीमेजवळचे हे गाव मँगनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे. तुमसर रोडहून फुटणारी रेल्वे तिथे जाते. बंधूंची मुलगी २३ वर्षांची, शिकलेली. घोट्यावर, उजव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांना आणि ओठाच्या कोपऱ्यात तिला पांढरे डाग आहेत. पहिला डाग चार वर्षांचा, ओठाचा मात्र गेल्या दिवाळीनंतरचा. तिचे लग्न या भगिनींच्या मुलाशीच ठरले आहे. आपल्या भागात मामाच्या मुलीचा मान पहिला, त्यात नवल नाही. (नात्यातल्या लग्नांबद्दल मला वेगळे बोलायचे आहे, ते पुन्हा कधी.) मुहूर्त अडीच महिन्यांवर आलाय आणि त्या विचारतात, "डॉक्टर, तेवढ्यात ऑपरेशन करून डाग घालवता येतील का? खर्चाचे आम्ही बघतो."

पण पत्रातल्या दुसऱ्याच वाक्यावर माझी नजर थांबली. "वहिनी शेजारणीजवळ सहज बोलून गेल्या, पोरीला कोड आलंय. दुसऱ्या दिवसापासून शेजारणीचं येणं बंद."

वाचकहो, इथे घोटाळा भाषेचा आहे. संस्कृतातल्या 'कुष्ठ' या शब्दापासून मराठीत 'कोड' झाला आणि हिंदीत 'कोढ़'. मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग, तर हिंदीत कोढ़ म्हणजे महारोग. तिरोडीसारख्या गावात दोन्ही भाषा एकाच नळावर पाणी भरतात, तेव्हा एका अक्षराच्या फरकाने मुलीवर कुष्ठरोगाचा शिक्का बसतो. कन्नडमध्ये आपण 'तोन्नु' म्हणतो, म्हणून निपाणीत हा गोंधळ झाला नसता. दोन भाषांच्या घरात राहणाऱ्यांना असे चकवे नवीन नाहीत, पण हा महागात पडणारा आहे.

फरक ओळखणे सोपे आहे. कोडाचा डाग दुधासारखा पांढराशुभ्र असतो आणि त्यावर कापसाचा स्पर्श नेहमीसारखा कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा तांबूस असतो, पांढराशुभ्र कधीच नाही, आणि बहुधा तिथली संवेदना कमी झालेली असते. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराचीच प्रतिकारशक्ती मारून टाकते. तो स्पर्शाने, ताटातून, पाण्यातून कोणालाही लागत नाही. आणि शेजारणीला हेही सांगा, की कुष्ठरोगसुद्धा आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, तेही २०१९ साली काढून टाकले. कोड तर त्या यादीत कधी नव्हताच.

आता ऑपरेशनकडे वळू. ते होते आणि चांगलेही होते. निपाणीकरांना तंबाखूचा तरवा माहीत आहे, तिरोडीकडच्यांना भाताचे पऱ्हे आणि रोवणी. रोप एका जागी वाढवायचे, उपटून दुसरीकडे लावायचे. इथेही तसेच. मांडीच्या किंवा कमरेखालच्या झाकल्या जागेतून, जागा बधिर करून, एक-दीड मिलिमीटरचे गोल तुकडे काढतात. डागावर तशीच बारीक छिद्रे पाडून त्यांत ते बसवतात, वर पट्टी. आठवडाभर तो भाग हलवायचा नाही. पुढे अतिनील किरणांचे उपचार घेतले की एकेका तुकड्याभोवती रंग पसरू लागतो. याला पंच ग्राफ्टिंग म्हणतात. स्वस्त आणि साधे, पण तुकडा थोडा जाड बसला तर फरसबंदीसारखा खडबडीतपणा राहतो, म्हणून चेहऱ्यावर मी टाळतो.

चेहऱ्यासाठी फोडांची पद्धत बरी. मांडीवर सिरिंज उलटी लावून दोन-तीन तास हवा ओढत राहिले की त्वचेचा वरचा पापुद्रा पाण्याच्या फोडासारखा अलगद सुटतो. तो कापून, डागाचा वरचा थर घासून, त्यावर पसरायचा. सिरिंज आणि रबरी नळी एवढ्यावर भागते, महागडे यंत्र नको. डाग मोठा असेल तर पातळ त्वचेतल्या पेशी ट्रिप्सिनने सुट्या करून त्यांचे पाणी डागावर शिंपडतात. यात पोस्टाच्या तिकिटाएवढ्या त्वचेत त्याच्या पाच ते दहा पट जागा भरते.

मग अडचण कुठे? अडचण एका शब्दात आहे, 'स्थिर'. किमान वर्षभर नवा डाग नाही आणि जुना वाढलेला नाही, तरच सुरी हातात घ्यायची. कोड चालू असताना त्वचेला जिथे जखम होईल तिथे नवा डाग उठतो. हे मी पुस्तकात वाचले होते, पण शिकलो एका रुग्णाकडून. व्यवसायाच्या सुरुवातीला एका तरुण शिक्षकाने, लग्नाच्याच घाईपोटी, "वर्षभरात काहीच वाढलं नाही" असे सांगितले आणि मी विश्वासावर तुकडे बसवले. नडगीवरचा रंग तर आला नाहीच, उलट मांडीवर जिथून जिथून तुकडे काढले होते तिथे तिथे पांढरे ठिपके ओळीने उमटले. तो काही बोलला नाही. मलाच त्याच्याकडे बघवेना. तेव्हापासून मी शंका असली की आधी चार-पाचच तुकडे बसवून तीन महिने वाट पाहतो. भोवती रंग पसरला तर पुढे, नाही तर थांबायचे.

आपल्या भाचीचा ओठाचा डाग दिवाळीनंतरचा. म्हणजे कोड जागे आहे. अडीच महिन्यांत ऑपरेशन नाही, ताई. कितीही पैसे मोजा, कोणी हो म्हटले तरी करू नका. शिवाय बोटांची टोके आणि ओठ ही दोन्ही सर्वांत अवघड ठाणी. केसांच्या मुळाशी रंगपेशींचा साठा असतो, तिथून रंग परत येतो. बोटाच्या टोकाला केस नसतात. ओठावर खाता-बोलता तुकडे हलतात, आणि ज्यांना तापानंतर ओठावर पुरळ उठते त्यांच्यात ते पुरळ नेमके ऑपरेशननंतर उठून सगळे वाया घालवते. त्यासाठी आधी गोळी द्यावी लागते. घोट्याचा डाग त्यातल्या त्यात पुढे हाताळता येईल.

सध्या आधी आजार थांबवायचा. त्यासाठी मलमे, आठवड्यातून दोन-तीनदा किरणांचे उपचार, गरज पडली तर आठवड्यातून दोनच दिवस घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या. ही शेवटची पद्धत दिल्लीच्या एम्समध्ये विकसित झाली. मनाने सुरू करू नका. तिरोडीहून दर दोन दिवसांनी नागपूर गाठणे शक्य नाही, हे मला कळते. लग्नानंतर ती निपाणीत येईल, तेव्हा बेळगाव किंवा कोल्हापूर जवळ आहे. तोवर मलम आणि कोवळे ऊन, तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने.

नातवंडांना होईल का, हेही विचारले आहे. कल घराण्यात थोडा उतरतो, पण कोड असलेल्या बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कोणाला नसतो. मुलाला डागांबद्दल सांगितले आहे ना? पत्रात तेवढे लिहिलेले नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा २००६ सालचा चित्रपट कोड असलेल्या मुलीवरच आहे. दोघांनी लग्नाआधी बसून पाहावा.

पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात भाचीने स्वतः एक ओळ लिहिली आहे: "मेहंदी लावली तर चालेल का?" चालेल, बाळ. पाल्याची, घरी वाटलेली लाव. झटपट रंगणारी काळी मेहंदी नको, तिने त्वचा भाजते. चिकटणारी टिकली आणि रबरी चप्पल मात्र सोड, त्यांतल्या काही रसायनांनी रंग उडतो. कपाळाला कुंकू लाव. आणि दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीपाशी, डागाशेजारी फूटपट्टी धरून फोटो काढत जा.