लवादाच्या दोन्ही खुर्च्या

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा-मालेगावकडच्या तांड्यांवर ट्रक येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, ज्वारीचे पोते, ताडपत्री, दोन शेळ्या आणि काखेतले मूल, एवढा संसार चढतो आणि पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या वाटेला लागतो. मागे उरतात म्हातारी माणसे. शाळेच्या हजेरीपटावर नावे तशीच राहतात, बाके तेवढी रिकामी होतात. आमचा जिल्हा सोयाबीन आणि तुरीचा, ऊस इथे नावालाच. तरी ऊस तोडणारी माणसे आम्ही पुरवतो. ऊसतोड म्हटली की महाराष्ट्राला बीड आठवते आणि ते योग्यच आहे. पण बीडच्या राजकारणात या मजुरांचे जे ठरते ते आमच्या तांड्यालाही लागू होते. म्हणून त्या राजकारणाविषयी बोलण्याचा हक्क आम्ही आमच्याकडे घेत आहोत.

या माणसांच्या घामाचा भाव कोण ठरवते? कायदा ठरवत नाही. वर्षानुवर्षे तो ‘लवाद’ ठरवत आला आहे. एका बाजूला साखर संघाच्या वतीने शरद पवार, दुसऱ्या बाजूला मजुरांच्या वतीने गोपीनाथ मुंडे, आणि मध्ये टनामागचा दर. हा देखावा महाराष्ट्राने इतक्यांदा पाहिला की त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटेनासेच झाले. दोन मोठी माणसे बसतात, काही टक्के वाढ जाहीर होते, संप मागे घेतला जातो, कोयते चालू होतात.

आमचा आक्षेप सरळ आहे. मजुरांच्या खुर्चीवर बसलेला नेता स्वतः साखर कारखाना उभारणारा होता. परळीजवळ पांगरी येथला वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना हे मुंडे यांचेच कर्तृत्व. म्हणजे टनामागे दर वाढला की ज्यांचा खर्च वाढतो, त्यांच्यातच मजुरांचा वकीलही मोडत होता. ३ जून २०१४ रोजी त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे कारखान्याचे अध्यक्षपद आणि मजुरांच्या बाजूची खुर्ची या दोन्ही गोष्टी पंकजा मुंडे यांच्याकडे आल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये करार झाला आणि १४ टक्के वाढ मिळाली, तेव्हाही व्यवस्था हीच होती. बैठकीची जागासुद्धा साखरधंद्याच्या घरचीच!

इथे आम्हाला थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गोपीनाथ मुंडे यांना या मजुरांविषयी ममत्व नव्हते असे म्हणणे हा कृतघ्नपणा होईल. ज्या समाजातून आणि ज्या डोंगराळ मुलखातून कोयते निघतात तिथलेच ते होते. त्यांनी संपाचा आवाज दिला की कोयता थांबत असे, आणि कारखानदारांना बोलणीला यावे लागत असे. ऊसतोड मजूर नावाचा माणूस मंत्रालयाच्या कानावर गेला त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे हितसंबंध नाहीसा होतो, हे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे? उद्या एखाद्या गिरणीच्या अध्यक्षानेच गिरणी कामगारांच्या वतीने सही केली असती, तर गिरणगावाने ती मान्य केली असती काय?

बरे, हे एकट्या मुंडे यांच्याविषयी नाही. त्यांच्याही आधीपासून ऊसतोड मजुरांचे नेते म्हणून ओळखले गेलेले पाथर्डीचे बबनराव ढाकणे यांनीही पुढे केदारेश्वर कारखाना काढला. पक्ष वेगळा, तालुका वेगळा, वाट मात्र तीच. मजुरांच्या मोर्चाने माणूस मोठा होतो आणि मोठा झाला की कारखाना काढतो. दुष्काळी भागात कारखाना आणणे हा विकासच, असे यावर उत्तर येते. येऊ द्या. आमचा प्रश्न कारखाना काढण्याबद्दल नाहीच. कारखाना काढल्यावर मजुरांची खुर्ची सोडली का, एवढाच आहे.

समर्थक आणखी एक युक्तिवाद करतात, आणि तो दुबळा नाही. नेता स्वतः कारखाना चालवतो म्हणूनच त्याला कारखान्याचा जमाखर्च कळतो, समोरच्याची थाप पकडता येते. ठीक. पण समोरच्याची वही वाचता येणे वेगळे आणि त्या वहीत आपले खाते असणे वेगळे. ज्याचे खाते आहे तो टक्क्यांत बोलतो, कारण टक्क्यांत मूळ आकडा झाकला जातो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, मथळे झळकले. आकडा पाहा: टनाला सुमारे २७४ रुपयांवरून ३६७. एक कोयता म्हणजे नवराबायको मिळून. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तोडून, मोळ्या बांधून, वाहून, गाडी भरून त्यांनी दोन टन केले, तर दोघांचे ७३४ रुपये. माणशी ३६७. त्यातून उचल फिटायची आहे आणि खाडा झाला तर तोही कापला जायचा आहे. हार्वेस्टरला टनामागे याहून अधिक दिले जाते, ही मजूर संघटनांची तक्रार होती. तिचे उत्तर टक्क्यांत देता येत नाही.

आता याच धंद्यातला दुसरा भाव पाहू. शेतकऱ्याच्या उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरवते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. (कारखाने हे पाळतात का, ते शेतकऱ्यांना विचारा, पण निदान कागद हातात घेऊन भांडता तरी येते.) कारखान्यातल्या कायम कामगाराला वेतन करार आहे, भविष्य निर्वाह निधी आहे. ऊस तोडणाऱ्याच्या हातात मात्र काही नाही. तो कारखान्याच्या हजेरीपटावर नाही. तो मुकादमाचा माणूस. मुकादमाने वाहतूक ठेकेदाराकडून उचल घेतली, ठेकेदाराने कारखान्याकडून. या साखळीत मालक कोण, हे विचारले की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, पण तो आंतरराज्य स्थलांतरासाठी. मानोऱ्याहून कोल्हापूरला गेलेल्या जोडप्याने राज्याची सीमा ओलांडली नाही, एवढ्या अपराधासाठी ते त्या कायद्याबाहेर राहिले.

मालक सापडत नाही ही अडचण महाराष्ट्राला नवी नव्हती. मुंबईच्या गोदीत आणि बाजारात हमालाचा मालकही रोज बदलत असे. त्यावर १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला: मंडळ नेमा, हमालाची नोंद करा, काम घेणाऱ्याने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळाकडे भरावी, मंडळाने ती हमालाला द्यावी. त्यामागे अण्णासाहेब पाटलांची लढाई होती आणि मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. आमच्या सीमेला लागून असलेल्या पुसदचे, ज्यांची तसबीर आमच्या तांड्या-तांड्यावर लावलेली असते ते नाईक. मुंबईच्या हमालासाठी जे १९६९ मध्ये सुचले, ते त्याच तांड्यावरून निघणाऱ्या कोयत्यासाठी आजवर का सुचू नये? आमचे उत्तर असे की मंडळ आले असते तर लवादाची गरज उरली नसती, आणि लवाद संपला असता तर दोन्ही खुर्च्यांचे महत्त्वही संपले असते.

त्याऐवजी काय आले? मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ. त्यांच्या निधनानंतर घोषणा झाली, मग सरकारे बदलली, खाती बदलली, आणि कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत व तितकेच सरकारने घालावेत हे ठरायला २०२१ उजाडले. मधल्या काळात, २०१९ मध्ये, बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे जी पाहणी आली तीत सुमारे ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा परवडत नाही म्हणून अवयवच काढून टाकणाऱ्या बाईला कोणत्या करारात किती टक्के मिळाले, हे कुणी सांगेल काय?

आणि स्वतःच्या कारखान्याचे काय? ८ डिसेंबर २०१७ रोजी वैद्यनाथमध्ये उकळत्या रसाची टाकी फुटून कामगार भाजले, काहींचा जीव गेला. २०२१ मध्ये कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीपोटी त्याच कारखान्याचे बँक खाते गोठवण्याची पाळी आली. दुष्काळ, कर्ज, साखरेचे पडलेले भाव, सगळी कारणे खरी असतील. कारखाना अडचणीत असतो तेव्हा अध्यक्षाला आधी कारखाना वाचवावा लागतो, हेही आम्ही समजू शकतो. मग त्याच हंगामात मजुरांच्या वतीने बोलायचे कुणी?

पुढचा करार यायचाच आहे. त्या बैठकीला मजुरांच्या बाजूने बसणाऱ्या प्रत्येकाने आपण, आपले घर, आपले नातलग कोणत्या कारखान्याचे अध्यक्ष, संचालक वा भागीदार आहोत ते आधी लिहून द्यावे, आणि तसे असेल तर खुर्ची बदलून समोर बसावे. रिकाम्या झालेल्या जागेवर एखादी कोयता धरणारी बाई बसवावी. मानोऱ्याची चालेल, धारूरचीही चालेल.