चिखल दोन किलोमीटर, डांबर साठ



आष्टी तालुक्यातल्या एका वस्तीवरून एका भगिनीचे पत्र आले आहे. घरचा दुधाचा धंदा आहे. वस्ती पक्क्या रस्त्यापासून दोन किलोमीटर आत, काळ्या रानात. सासऱ्यांना, म्हणजे घरातल्या सर्वांच्या अब्बांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अहिल्यानगरला न्यावे लागते. आजवर भाड्याच्या गाडीने भागवले, आता घरची गाडी घ्यायची आहे. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, म्हणून साठवलेल्या रोख रकमेत बसेल अशी जुनीच घेणार. पतीचे म्हणणे, "जीपच घेऊ, फोर बाय फोर. पावसाळ्यात आपल्या रानातून दुसरे काय निघणार?" भगिनी विचारतात, "ते म्हणतात ते बरोबर आहे का? पैसे एकदाच आहेत."

असा प्रश्न आमच्या अनेक वाचकांच्या घरात निघत असेल, म्हणून उत्तर इथेच, सविस्तर देत आहोत.

आपल्या भागात जीप या शब्दाला वेगळे वजन आहे. 1945 मध्ये जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह लुधियान्यात पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. तिचे नाव होते 'महिंद्रा अँड मोहम्मद'. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. याच कंपनीने मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपच्या वंशातल्या कमांडर, मार्शल पुढे काळीपिवळी होऊन गावोगाव धावल्या. बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला आपण त्यांतूनच गेलो. त्यामुळे मजबूत गाडी म्हटली की डोळ्यांपुढे जीप उभी राहते, आणि मागच्या आडव्या बाकावर दाटीने बसणे आपल्याला वावगे वाटत नाही.

पण गाडी डोळ्यांपुढच्या चित्रावर घेऊ नये, हिशेबावर घ्यावी.

आष्टी ते नगर सुमारे साठ किलोमीटर. जाऊन-येऊन 120, आठवड्यातून दोनदा म्हणजे 240, वर्षाचे जवळजवळ 12,500 किलोमीटर. आता चिखल पाहा. रोज एक फेरी धरली तर दोन किलोमीटर जाणे, दोन येणे, पावसाळ्याचे 120 दिवस. झाले 480 किलोमीटर. म्हणजे चिखलातल्या एका किलोमीटरमागे ही गाडी डांबरावर सव्वीस किलोमीटर चालणार. जीपवाली गाडी एका लिटरला 11 किलोमीटर देते आणि दुसरी 15 देते असे धरले, तर नगरच्या फेऱ्यांतच वर्षाला 300 लिटर डिझेलचा फरक पडतो. लिटरला नव्वद रुपये धरले तर 27,000 रुपये. प्रत्येक वाचकाने आधी आपल्या घराचा असा कागद मांडावा आणि मगच गाड्या पाहायला निघावे.

दुसरा प्रश्न, गाडीत बसणार कोण? डायलिसिसनंतर पुष्कळ रुग्णांचा रक्तदाब उतरतो, गरगरते, मळमळते. अशा माणसाला उंच पायरी चढवताना आपण हात धरून वर ओढतो. ज्या हातात फिस्टुला केलेला असतो, तो हात ओढायचा वा दाबायचा नसतो. म्हणून गाडी पाहायला जाताना अब्बांना सोबत न्या. ते आधाराने स्वतः चढू शकतात का, दार किती उघडते, सीट मागे कलते का, हे पाहा. खाली बसवलेली पायरी आणि दारालगतचा धरायचा दांडा या हजार-दोन हजारांच्या गोष्टी आहेत, पण या घरात त्यांची किंमत फोर बाय फोरपेक्षा जास्त आहे.

आडव्या बाकांविषयी स्पष्टच लिहितो. समोरासमोर बसायच्या त्या बाकांना अनेक जुन्या गाड्यांत पट्टे नसतात. गाडी जोरात आदळली की माणूस बाजूला फेकला जातो. रानातून मजूर आणायला ते ठीक वाटत असतील, पण नगरच्या रस्त्यावर मुलाबाळांना त्यावर बसवू नये. ऊसतोडीच्या हंगामात रात्री मागचा दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर या भागात सर्वांना ठाऊक आहेत. तिथे ब्रेक कचकन मारावाच लागतो.

आता गाड्यांकडे वळू.

मारुती जिप्सी 1985 मध्ये आली. हलकी, पेट्रोलवर चालणारी, चिखलात चपळ. पण चारही चाकांना पाटे, वर बहुधा कापडी हूड, आवाज फार. तासाभराच्या प्रवासात धडधाकट माणसाचे अंग मोडते, रुग्णाचे काय सांगावे.

महिंद्रा थार 2010 मध्ये आली. तिचे 2.5 लिटरचे सीआरडीई इंजिन 105 अश्वशक्तीचे, दमदार आहे. पण त्या जुन्या थारला मागे पाटे आहेत, बाक आडवे आहेत, एअरबॅग नाही, बहुतेकांत एबीएसही नाही. हौशी तरुणाला ती शोभते. 2020 ची नवी थार वेगळीच गाडी आहे, ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले. पण जुन्या बाजारातही ती स्वस्त नाही.

बोलेरो 2000 पासून आहे. कोणत्याही तालुक्याच्या गावी तिचा मिस्त्री सापडतो, भाग मिळतात, हा तिचा सर्वात मोठा गुण. बहुतेक बोलेरो दोनच चाकांवर ओढतात. मागे पाटे असल्याने रिकामी गाडी उसळते आणि तिसऱ्या रांगेत तेच आडवे बाक.

स्कॉर्पिओ 2002 ची, नाशिकला बनणारी. मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असल्याने बसणाऱ्याला धक्के कमी. 2.2 लिटरचे एमहॉक इंजिन महामार्गावर दमत नाही. टाटा सफारी स्टॉर्म (2012 ते 2019) हीसुद्धा लांबच्या प्रवासाला आरामाची, मात्र जड. तिचा जाणकार मिस्त्री आष्टीत आहे की नगरलाच जावे लागेल, हे आधी विचारा. दोन्ही गाड्यांचे काही नमुने फोर बाय फोर मिळतात.

या सर्व गाड्या उंच असतात. उंच गाडी वेगात अचानक वळवली तर उलटण्याचा धोका छोट्या मोटारीपेक्षा जास्त. टपावर दुधाचे कॅन वा पोती लादली की तो आणखी वाढतो. जालना, संभाजीनगरकडचे आमचे वाचक समृद्धी महामार्गाने जातात. तिथे मोटारींना ताशी 120 ची मुभा आहे, पण ती गाडी नीट असलेल्यासाठी आहे. जुनी जीप ऐंशीवरच ठेवावी आणि डावी लेन सोडू नये.

गाडी कोणत्या वर्षाची हे फक्त किमतीसाठी पाहू नका. एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस आणि जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग 2022 च्या आरंभापासून सर्वच नव्या मोटारींत आली. चार पैसे जास्त देऊन ही रेषा ओलांडता येत असेल तर ओलांडा. अलॉय व्हील आणि मोठ्या टेपवर मात्र एक रुपयाही जास्त देऊ नका.

पाहणी कशी करावी? सकाळी, इंजिन थंड असताना जा. पहिल्या धक्क्याला सुरू होते का आणि धूर कसा येतो ते पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. खाली वाकून चेसिस पाहा. गंज, नवे वेल्डिंग, ताजा काळा रंग दिसला तर विचारा. चेसिस आणि इंजिनचे नंबर आरसी बुकाशी जुळवा. मोडलेला पाटा, गळणारा गिअरबॉक्स, स्टेअरिंगमधला प्ले तपासा. मग डांबरावर दहा किलोमीटर चालवा. साठ-सत्तरला चाक थरथरते का, ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते का?

फोर बाय फोर असेल तर ते सैल मातीच्या मोकळ्या रानात लावून पाहा, लो गिअरसुद्धा. वर्षानुवर्षे न वापरल्याने ते अडकलेले असते. या गाड्यांत पुढचा-मागचा आस एकत्र बांधला जातो, म्हणून कोरड्या डांबरावर फोर बाय फोर कधीही लावू नये. वळताना सगळा ताण गिअरवर येतो.

टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी फार जुना टायर महामार्गासाठी नको. आणि चिखलासाठीच्या मोठ्या गोट्यांच्या टायरचा मोह नको. ओल्या डांबरावर ते नीट धरत नाहीत. दोन्हींसाठी बनवलेला मध्यम नक्षीचा टायर पुरे.

कागदपत्रांत कसूर करू नका. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, परराज्यातली गाडी असेल तर एनओसी. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्यांना तिथे दहा वर्षांची मर्यादा लागू झाल्याने त्या इकडे स्वस्त मिळतात. पण इथल्या नोंदणीचा आणि कराचा खर्च मिळवून मगच स्वस्त म्हणा. पंधरा वर्षे झालेल्या खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, वर पर्यावरण कर. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. पुढे लावलेले लोखंडी गार्ड, कापलेला टप, बदललेले इंजिन दिसले तर सावध राहा. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. सगळी रक्कम गाडीत घालू नका. पाचवा हिस्सा टायर, क्लच, ब्रेकसाठी राखून ठेवा.

आमच्या भगिनीला आमचे उत्तर असे. जीप नको. सर्व सीट पुढे तोंड केलेल्या, मागे कॉइल स्प्रिंग असलेली, शक्यतो 2019 च्या मध्यानंतरची स्कॉर्पिओसारखी गाडी पाहा. फोर बाय फोर मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर अडून बसू नका.

आणि चिखल? तो गाडीने नव्हे, मुरुमाने हटवावा. काळ्या मातीत फोर बाय फोरही टायर भरले की घसरते. शिवाय दूधवाला, शाळेची मुले आणि रात्री-अपरात्री येणारी रुग्णवाहिका यांच्याकडे फोर बाय फोर नसते. पाणंद रस्त्यांसाठी शासनाच्या योजना आहेत, 2021 ची मातोश्री योजना त्यांतलीच. बांधावरून वाट हवी असेल तर महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वस्तीवरच्या चार घरांनी मिळून ग्रामपंचायतीत ठराव मागावा. तोवर पावसाळ्यात गाडी पक्क्या रस्त्यावर एखाद्या ओळखीच्या दारी उभी करावी आणि अब्बांना तिथवर ट्रॅक्टरने, खुर्ची घट्ट बांधलेल्या ट्रॉलीतून, सावकाश आणावे. न्यू आष्टीहून नगरला सप्टेंबर 2022 पासून रेल्वेही आहे. डायलिसिसच्या वेळेशी ती जुळते का, याची चौकशी स्टेशनवर करून ठेवा. गाडी गॅरेजला असेल त्या दिवशी कामी येईल.

शेवटची गोष्ट विकणाऱ्यांसाठी. आमच्या वाचकांत जुनी गाडी विकणारेही असतील. मालातला दोष लपवून विकू नये, ही शिकवण आपण मुलांना देतो. मीटर मागे फिरवलेली, अपघात झाकलेली गाडी विकली, तर ती कुणाच्या तरी आजारी अब्बांना घेऊन रस्त्याला लागते. दोष सांगून विका, हवे तर दोन पैसे कमी घ्या.

अल्लाह सर्वांचा प्रवास सुखाचा करो.